मुलांना आधी त्यांचा हक्क सांगा

शाळेतल्या 'सायबर जागृती' कार्यक्रमाचा साचा आता ठरून गेला आहे. सभागृहात आठवी ते दहावीची मुलं मांडी घालून बसवलेली, समोर प्रोजेक्टर, पाहुणे पोलीस खात्यातले किंवा एखाद्या कॉम्प्युटर क्लासचे संचालक. तासाभरात आयटी कायद्याची चार-पाच कलमं, प्रत्येक कलमापुढे किती वर्षं कैद आणि किती दंड. अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो टाकू नका, लिंक उघडू नका, गाणी-सिनेमे डाउनलोड करू नका. मग आभार आणि ग्रुप फोटो. तो फोटो मुलांचे चेहरे, गणवेश आणि शाळेच्या नावाच्या बॅनरसकट संध्याकाळपर्यंत शाळेच्या फेसबुक पानावर चढलेला असतो. स्लाइडवरचं कुलपाचं चित्र ज्या संकेतस्थळावरून उचललं, त्याचा वॉटरमार्कही कुलपावर तिरका उमटलेला सगळ्यांना दिसत असतो.

पाहुण्यांची चेष्टा करायची नाही. ते आपली कामं सोडून येतात. तक्रार साच्याबद्दल आहे. कॉपीराइट असो की ऑनलाइन सुरक्षितता, दोन्ही विषय आपण मनाईच्या भाषेत शिकवतो आणि वर धाक घालतो. कॉपीराइटचा धाक मुलं मनावर घेत नाहीत, कारण घरीदारी रोज त्याच्या उलट चाललेलं बघतात. सुरक्षिततेचा धाक मात्र नको इतका मनावर घेतात, आणि खरोखर अडचणीत सापडली की तोंड उघडत नाहीत. सुरुवात मुलाच्या स्वतःच्या हक्कापासून केली, तर हे दोन विषय एकाच तासात आणि जास्त खरेपणाने शिकवता येतील, असं मला वाटतं.

मराठी शाळेतल्या मुलाला कॉपीराइट पहिल्यांदा भेटतो तो बालभारतीच्या पुस्तकात, आतल्या पानावर. पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय यातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं तिथे छापलेलं असतं. ते अक्षरशः खरं मानलं, तर उत्तरपत्रिकेत कवितेच्या दोन ओळी लिहिणारं प्रत्येक मूल कायदा मोडतं असं म्हणावं लागेल. तसं होत नाही, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. कोणत्या गोष्टींनी हक्कभंग होत नाही याची लांबलचक यादीच त्यात दिली आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी केलेला वाजवी वापर, टीका, परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात केलेली प्रत. प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा आणि त्याच्या उत्तरात आलेला मजकूर, हे सगळं त्यात आहे. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांचासुद्धा विचार या कलमाने केला आहे. पण पुस्तकात छापली जाते ती मनाई. मुभा कुठेच छापत नाहीत.

ही मुभा कागदोपत्री राहिलेली नाही. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमातली प्रकरणं वेगवेगळ्या पुस्तकांतून काढून, एकत्र बांधून विद्यार्थ्यांना झेरॉक्स दरात विकली जात होती. ज्यांची पुस्तकं ऑक्सफर्डने छापली त्या अमर्त्य सेन यांनीच प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण शिकवण्यासाठी खरोखर गरजेच्या असलेल्या मजकुराच्या प्रती काढता येतात, हे तत्त्व उचलून धरलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. इतका मोठा निकाल आपल्या देशात लागला, पण किती शिक्षकांच्या कानावर तो गेला असेल? आजही स्टाफरूममध्ये कुणी दहा टक्क्यांचा नियम सांगतं, कुणी तीस सेकंदांपर्यंत गाणं चालतं म्हणून सांगतं. आपल्या कायद्यात यातलं काहीही नाही.

आता दुसरी बाजू. डिसेंबर-जानेवारीत गावोगाव गॅदरिंग होतात. मुलं सिनेमातल्या गाण्यांवर नाचतात, एकांकिका करतात. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनीच कार्यक्रम केला, आणि प्रेक्षक शाळेतले, पालक किंवा शाळेच्या कामाशी संबंधित असले, तर कलम ५२ त्यालाही हक्कभंग मानत नाही. कायद्याने जणू शाळेभोवती कुंपण घालून आत मोकळीक दिली आहे. त्याच नाचाचं चित्रण यूट्यूबवर टाकलं की कुंपण ओलांडलं. मग आवाज बंद होतो, चित्रफीत अडवली जाते किंवा तिच्यावरच्या जाहिरातींचा पैसा संगीत कंपनीकडे वळतो, आणि मुख्याध्यापक वैतागतात, 'आम्ही कुठे कमाई करतोय?' कमाई नसली म्हणून सगळं माफ, असं आपला कायदा म्हणत नाही.

हेच कुंपण मुलाच्या सुरक्षिततेचंही आहे. हॉलमध्ये बसलेल्या चारशे पालकांसमोर नाचणं वेगळं. तोच नाच नाव, इयत्ता, तुकडी आणि शाळेच्या पत्त्यासह कायमचा जगासमोर ठेवणं वेगळं. गाणं कुणाचं आणि ते कुठपर्यंत न्यायची परवानगी आहे, हा प्रश्न विचारायची सवय लागली, की चेहरा कुणाचा आणि तो कुठपर्यंत न्यायची परवानगी आहे, हा प्रश्न आपोआप सुचतो.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. मराठी कीर्तनं, लावण्या, नाटकांचे प्रवेश चढवणाऱ्या चॅनेलांखाली पुष्कळदा इंग्रजीत एक परिच्छेद चिकटवलेला दिसतो: १९७६ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०७ नुसार हा वाजवी वापर आहे, वगैरे. तो कायदा अमेरिकेचा. शिवाय तिथेही असा परिच्छेद चिकटवल्याने वापर वाजवी ठरत नाही. हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला, मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, हे सगळं न्यायालय तपासतं. आपल्याकडे तो परिच्छेद दारावरच्या लिंबू-मिरचीसारखा टांगला जातो.

कॉपीराइट शिकवायला मराठीइतकं सोयीचं साहित्य क्वचितच मिळेल. तुकोबांचा एक अभंग घ्या. शब्द साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे, त्यांच्यावर कुणाचाही कॉपीराइट नाही. पण तो अभंग मुलं ज्या चालीत गुणगुणतात, ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि तिच्यावर त्याचा हक्क वेगळा. मोबाइलवर वाजतं ते ध्वनिमुद्रण आणखी वेगळं, त्याची मालकी बहुधा कंपनीकडे, तीही प्रकाशनापासून ६० वर्षं. गाथेची संपादित आवृत्ती असेल, तर संपादकाच्या प्रस्तावनेवर आणि टिपांवर त्याचा हक्क. एका अभंगावर चार थर. सातवीतल्या मुलाला हे पंधरा मिनिटांत कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला काय करता येईल तेही कळतं: शब्द तुकोबांचे घ्या, चाल स्वतः लावा, स्वतः गा, स्वतः ध्वनिमुद्रित करा आणि खुशाल जगभर पाठवा.

लेखकाच्या मृत्यूनंतर आपल्याकडे ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. आधी ती मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीला संपणार होता, तेवढ्यात कायदा बदलून सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तकं २०११ च्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांची झाली. त्यांचं नाट्यरूपांतर करायला, ध्वनिपुस्तक करायला, कोकणीत किंवा गोंडीत भाषांतर करायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० संपेपर्यंत राहील. ही वजाबाकी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावी. बालकवी, केशवसुत कधी मोकळे झाले आणि कुसुमाग्रज कधी होतील, हे एकदा स्वतः काढलं की कॉपीराइट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मग त्याच वर्गाला मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या खुल्या ग्रंथालयात नेऊन एखाद्या जुन्या पुस्तकाची पानं टंकायला बसवता येईल.

पण कॉपीराइट संपला म्हणून नाव गाळायची मुभा मिळत नाही, आणि नाव दिलं म्हणून कॉपीराइट पाळला असंही होत नाही. हे दोन निराळे दोष आहेत आणि आपण त्यांचा सरसकट काला करतो. केशवसुतांच्या ओळी स्वतःच्या म्हणून खपवल्या तर हक्कभंग नाही, लबाडी आहे. आजच्या कादंबरीकाराचं आख्खं पुस्तक त्याच्या नावासकट टेलिग्रामवर टाकलं तर लबाडी नाही, हक्कभंग आहे. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तिसराच प्रकार बोकाळला आहे. एखाद्या हयात कवीची कविता नाव कापून फिरते, आणि कुणा अनामिकाच्या सुमार ओळी पुलंच्या किंवा कुसुमाग्रजांच्या नावावर. त्या पाठवणाऱ्यांत मराठीचे शिक्षकही असतात. कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा खास हक्क दिला आहे. कॉपीराइट दुसऱ्याला विकला तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो. सकाळच्या सुविचाराखालचं नाव खरं की खोटं हे शोधून आणा, असा गृहपाठ एखाद्या शाळेने दर सोमवारी द्यावा. खोट्या बातम्या ओळखण्याची तालीमही त्यातच होऊन जाईल.

आता मुलाच्या हक्काकडे येतो. कुणी काही लिहिलं, काढलं, रचलं की त्याचा कॉपीराइट त्याच क्षणी निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, गोलातला इंग्रजी सी काढावा लागत नाही, वयाची अट नाही. पाचवीतल्या मुलीच्या चित्राची मालकीण ती मुलगी. चित्रकला आणि निबंध स्पर्धांच्या माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.' कायद्याप्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी असावं लागतं, देणाऱ्याची सही लागते, कोणते हक्क दिले ते लिहावं लागतं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्याकडे मुळात टिकत नाही. ती ओळ आयोजकांना वाटते तेवढी भक्कम नाही. तरी शेकडो मुलांची चित्रं कॅलेंडरांवर, पिशव्यांवर, उद्योगांच्या जाहिरातींत छापून येतात आणि आपण पेढे वाटतो. पेढे जरूर वाटावेत. पण तुझं चित्र वापरू का, असं मुलीला आधी विचारलं गेलं, तर दुसऱ्याचं चित्र उचलताना तिचा हात क्षणभर तरी थांबेल. धाकाने तो थांबत नाही, हे प्रोजेक्टच्या वह्यांकडे बघून सांगता येतं.

फोटोची गोष्ट थोडी निराळी. मुलाने स्वतः काढलेली सेल्फी त्याची. वर्गाचा फोटो पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा, म्हणजे शाळेचा. फोटोत आहे म्हणून मुलाला कॉपीराइट मिळत नाही. मग त्याच्याकडे काय उरतं? खाजगीपणा उरतो. तो मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. शाळांनी त्यासाठी थांबण्याचं कारण नाही.

धाकाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्यात जीव जाऊ शकतात. पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला कुणीतरी फसवून फोटो मिळवतं, किंवा साध्या फोटोवरून अश्लील फोटो तयार करतं, आणि पैसे मागतं किंवा आणखी फोटो मागतं. धमकावणारा काय सांगतो? पोलिसांत गेलास तर तूच अडकशील, फोटो तूच पाठवलायस. आमच्या सभागृहातल्या स्लाइडवर साधारण हेच वाक्य असतं. मुलाला वाटतं, गुन्हेगार आपणच. तो आईला सांगत नाही, बाईंना सांगत नाही. जमवलेले पैसे देतो, मग घरातले चोरतो. अशा मुलापर्यंत आधी हे पोचलं पाहिजे की या प्रसंगात कायदा त्याच्या बाजूने आहे. १०९८ हा क्रमांक मुलांसाठी आहे, पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० आहे. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या अश्लील चित्रणाची तक्रार नाव न देताही करता येते. २०२१ च्या आयटी नियमांनी असा फोटो तक्रारीनंतर २४ तासांत हटवायचं बंधन समाजमाध्यमांवर घातलं. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा अमेरिकेतली बेपत्ता आणि पीडित मुलांसाठीची संस्था चालवते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, मुलाच्याच फोनवर त्याचा आकडी ठसा, म्हणजे त्या फोटोची ओळख पटवणारी आकड्यांची ओळ, तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढतात. पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये, लगेच एका मोठ्या माणसाला सांगावं. आणि त्या मोठ्या माणसाने पहिलं वाक्य 'पाठवलासच कशाला' असं उच्चारू नये. ही शेवटची सूचना पालकसभेत द्यायची आहे.

कलमांची भीती घालणाऱ्यांनी पालघरही आठवावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला, आणि ते लाइक केल्याबद्दल दुसरीला पालघरमध्ये अटक झाली. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा सांगणारं आयटी कायद्याचं ६६अ हे कलम लावलं होतं. एका तरुण कायदा-विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचं २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलं. जे कलम उरलेलंच नाही, त्याखाली माणसं पकडली जात होती, कारण पकडणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं आणि पकडलेल्यांनाही. कायदा माहीत असलेलं मूल आणि कायद्याला घाबरलेलं मूल यांत हा फरक पडतो.

मुलांना हक्क सांगितले की ती डोक्यावर बसतात, असं काही पालक म्हणतील. बसू द्या थोडी. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: पुस्तकं महाग, तालुक्याच्या गावात ग्रंथालयाची कपाटं कुलूपबंद, अशा मुलाला पीडीएफ घेऊ नको हे कुठल्या तोंडाने सांगायचं? माझं उत्तर सगळ्या पुस्तकांना एक नाही. परदेशी पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण अभ्यासाला काढून घेणाऱ्याला कायद्याचाच आधार आहे, त्याला चोर म्हणणं चूक. पण मराठीत नव्या पुस्तकाची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची निघते. तिची पीडीएफ पाच हजारांच्या ग्रुपवर टाकली, तर दुसरी आवृत्ती निघतच नाही. त्या लेखकाचं आणि लहान प्रकाशकाचं नुकसान ऑक्सफर्डच्या नुकसानीशी एका तागडीत तोलता येणार नाही. मुलांना असा विवेक करता येतो. आपणच त्यांना होय-नाहीच्या प्रश्नांची सवय लावली आहे.

हा विषय कॉम्प्युटरच्या बाईंवर ढकलू नये, तो मराठीच्या तासाला शिकवावा. उतारा कुणाचा, कुठून घेतला, किती घेतला, हे भाषेच्या शिक्षकालाच सहज सांगता येतं. बालभारतीनेही आतल्या पानावरच्या त्या मनाईखाली कलम ५२ ने विद्यार्थ्याला काय दिलं आहे ते दोन ओळींत छापावं. आणि शाळांनी प्रवेशाच्या अर्जाला एक पान जोडावं: मुलाचा फोटो, नाव, चित्र, लेखन यांतलं काय शाळेच्या भिंतीवर लावायचं, काय पालकांच्या ग्रुपवर टाकायचं, काय जगासमोर ठेवायचं. प्रत्येकापुढे होय आणि नाही असे दोन्ही रकाने. पालकांची सही, आणि दहा वर्षांवरच्या मुलाची स्वतःचीही. ज्याने नाही लिहिलं त्याला गॅदरिंगमध्ये नाचू द्यायचं, फक्त चित्रण करणाऱ्याला आधी यादी द्यायची. हे जूनमध्येच उरकावं. तालमी सुरू झाल्यावर कुणालाही फुरसत नसते.